दिवा किती वेळा मिचकला

३ सप्टेंबर, मंगळवार

आज वन्संना घरी आणलं. ह्यांच्या थोरल्या बहिणीला मी लग्न झाल्या दिवसापासून वन्संच म्हणते. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "मला आता एकटीला जमेनासं झालंय गं. महिनाभर तुझ्याकडे येऊ का?" खरं लिहायचं तर मला कुणीच नको होतं. हे गेले त्याला आठ महिने होतील. आठ महिने माझा सगळा प्रवास पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून परत पलंगापर्यंत. पण डोळे गेलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं?

नव्वद किलोमीटर, मध्ये एकदा बस बदलून, त्या एकट्याच आल्या. स्टँडवरून फोन केला. "आपली गाडी घेऊन ये." म्हटलं, मी चालवत नाही हो हल्ली. "लायसन्स आहे ना? मग झालं तर. मी बाकावर बसलेय. तू येईपर्यंत बसते." फोन बंद.

गाडी एकोणतीस वर्षांची आहे, मागे लांबलचक जागा असलेली. आमचा धंदा पुस्तकबांधणीचा. शाळा-कॉलेजांच्या लायब्रऱ्यांतली फाटकी पुस्तकं ह्या गाडीतून आणायची आणि बांधून परत पोचवायची. हे चालवायचे, मी शेजारी बसून याद्या करायची. हे गेल्यावर धाकटे भावजी दर रविवारी येऊन इंजिन तेवढं सुरू करून जातात, म्हणून आज ती सुरू झाली. येताना डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि ऐन चौकात गाडी आचके देऊन बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ. मला रडूच फुटलं. वन्संनी काच खाली केली, नाक बाहेर काढलं. "कच्च्या पेट्रोलचा वास येतोय. दहापर्यंत मोज आणि मग चावी फिरव." मोजले. सुरू झाली.

घरी आल्यापासून त्यांना सगळं हातात द्यावं लागतंय. पाण्याचा पेला, टॉवेल, चपला. दिवसभरात बसायला वेळ मिळाला नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

वन्संचा वेळ जात नाही. म्हणाल्या, काहीतरी वाचून दाखव. घरात पेपर येत नाही. "मग टपाल वाच. आलं असेल की." टपाल आठ महिन्यांचं होतं, दाराजवळच्या टोपलीत न फोडलेलं. मी बसून एकेक फोडलं आणि वाचलं, त्यांच्या करमणुकीसाठी. तीन शाळांनी विचारलं आहे, पुस्तकं न्यायला कधी येता? एका मुख्याध्यापिकेने शेवटी लिहिलं होतं, तुमच्या यजमानांचं कळलं, घाई नाही, आम्ही दुसऱ्या कुणाला दिलेली नाहीत. तिथे मी कागद खाली ठेवला. वन्सं म्हणाल्या, "पुढचं."

पुढचं पत्र वाहन कार्यालयाचं. पंचवीस वर्षांवरच्या गाड्यांनी ३० सप्टेंबरच्या आत तपासणी केंद्रावर हजर व्हायचं. धूर मोजणार, दिवे बघणार. पिवळा दिवा लागलेला असेल तर गाडी नापास. तीस तारीख उलटली तर नोंदणीच रद्द.

"आज तारीख काय?" वन्संनी विचारलं.

पाच सांगितली. "बरेच दिवस आहेत," म्हणाल्या आणि पाय पसरून बसल्या. मला वाटतं त्यांना पत्रातलं नीट कळलं नाही.

८ सप्टेंबर, रविवार

भावजी आले होते. पत्र दाखवलं. ते म्हणाले, "वहिनी, सोडा आता हिचा नाद. दादा होता तोवर ठीक. भंगारवाल्याला मी बोलावतो, तुम्हाला काही करावं लागणार नाही." त्यांचं काही चुकत नाही. मीही हो म्हणत होते. तेवढ्यात वन्सं आतून ओरडल्या, "मला परत कोण सोडणार मग? मी बसने नाही जाणार, सांगून ठेवते!"

आल्या तर बसनेच होत्या. पण वडील माणसासमोर बोलायचं कुठे? भावजी हात झटकून गेले. जाताना मला हळूच म्हणाले, "ताई हट्टी होत चाललीय." मी म्हटलं, परावलंबी झाल्यावर माणसाचं तसं होत असेल.

९ सप्टेंबर, सोमवार

गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. वन्सं सोबत होत्या. गॅरेजवाला चाळिशीचा, उंच, सभ्य माणूस. हातात एक यंत्र होतं, छोट्या टीव्हीसारखं. म्हणाला, "गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टमध्ये हे लावायचं. गाडीला काय होतंय ते तीच पडद्यावर सांगते." मग ड्रायव्हरच्या पायाशी उताणा झोपला. बॅटरी मारून सगळीकडे बघितलं, अॅश-ट्रे काढून बघितला, फ्यूजच्या झाकणामागे बघितलं. बाहेर आला तेव्हा केसांत जळमटं. "बाई, हिला पोर्टच नाही. फार जुनी आहे. हिला काही विचारता येणार नाही."

मला उगाचच वाईट वाटलं. सांगायचंय खूप, पण तोंडच नाही, असं काहीतरी.

वन्संनी विचारलं, "बॉनेट उघडलं होतं का?"

"पोर्ट आतच असतं, मावशी."

"हल्लीच्या गाड्यांना," वन्सं म्हणाल्या. गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, "बिचारा. त्याच्या यंत्राला जे भोक चालतं तेवढंच त्याने शोधलं."

वन्सं बावीस वर्षं बस डेपोत इलेक्ट्रिशियन होत्या हे मी विसरले नव्हते. पण माहीत असणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. रस्त्याने सांगत होत्या की, असं यंत्र नव्हतं तेव्हाही गाड्या बोलायच्या. इंजिनाचा कारभार बघणारी एक पेटी असते. तिला काही खटकलं की ती पिवळा दिवा लावते आणि काय खटकलं त्याचा आकडा लक्षात ठेवते. कुठेतरी एक सॉकेट असतं, त्यातली ठरावीक दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडली की तोच दिवा मिचकावून आकडा सांगतो.

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

"ते शोधायचं. ह्या गाडीचं मला ठाऊक नाही, मी बसवाली. आणि बघायला मला डोळे लागतील. तुझे दे."

११ सप्टेंबर, बुधवार

आज माझ्या हातून मोठी चूक झाली.

दुपारी वन्सं झोपल्या होत्या. मला वाटलं, आपणच शोधून ठेवावं, उठल्यावर खूश होतील. डॅशबोर्डखाली हात घातला तर एक मोकळं सॉकेट लोंबत होतं, कशालाच न जोडलेलं. म्हटलं, सापडलं! बांधणीच्या मशीनची तार आणली, चावी फिरवली आणि तार दोन भोकांत खुपसली. फट् आवाज झाला, ठिणगी उडाली, बोटाला चटका बसला. मग बघते तर हॉर्न गेला आणि इंडिकेटरही गेले.

उठल्यावर सांगितलं. वाटलं होतं, असू दे म्हणतील. वन्संचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरले.

"सॉकेटवर काय लिहिलं होतं?"

"बघितलं नाही."

"तारा कुठल्या रंगाच्या?"

"अंधार होता हो तिथे."

"मी आंधळी आहे, तू नाहीस! न बघता हात घालायचा हक्क ह्या घरात फक्त मला आहे!" आणि मग खालच्या आवाजात, "तुला काही झालं असतं म्हणजे? आणखी एक माणूस घालवायचंय मला?"

मी मोरीत जाऊन चटक्यावर पाणी घेतलं. बाहेर आले तर वन्सं गाडीच्या दाराशी उकिडव्या बसलेल्या. फ्यूजची पेटी त्यांनी चाचपून उघडली होती. एकेक फ्यूज काढायचा, दोन बोटांत धरून मला दाखवायचा. "आतली तार अखंड आहे?" आहे. "ही?" आहे. सातवा जळका निघाला. झाकणाच्या आतल्या बाजूला जादाचे फ्यूज खोवून ठेवलेले असतात, हे मला एकोणतीस वर्षांत माहीत नव्हतं. बसवला. हॉर्न वाजला. एवढा गोड हॉर्न मी कधी ऐकला नव्हता.

ते लोंबतं सॉकेट बहुधा ज्या सोयी आमच्या गाडीत घेतल्या नव्हत्या त्यांच्यासाठीचं. हात कसा लावायचा ते वन्संनी मला नीट शिकवलं: चावी काढायची, अंगठी काढायची, आधी वाचायचं, मग जोडायचं. मी हे बांधणीच्या दोऱ्यांसारखं मनात घोकते आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं!

सकाळी आठला बॉनेट उघडलं. वन्संनी बाह्या वर केल्या आणि सुरुवात बॅटरीपासून केली. त्यांचे हात बघण्यासारखे असतात. घाई नाही. एका तारेवर बोट ठेवलं की ती जाते कुठे हे बघायला दुसरा हात पुढे जातो. मध्येच थांबून नखाने खरवडतात, वास घेतात. "ही पाण्याची. ही ब्रेकची. हा उंदराचा संसार, काढ तो." कागदाचे तुकडे निघाले, चक्क आमच्या बांधणीचे. माझा नुसता बघायचा उद्योग, पण बघता बघता मलाही कळायला लागलं की हे सगळं गबाळ नाहीये. शिवलेल्या पुस्तकाच्या पाठीला जशी पानांची एकेक जुडी असते तसंच आहे हे सगळं.

डावीकडच्या चाकाच्या वर, कडेला, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी एक पेटी. वर एवढं ग्रीस आणि धूळ की मला तो पत्र्याचाच भाग वाटला होता. वन्संचं बोट तिच्यावरून दोनदा गेलं. "हिला झाकण आहे. बिजागरी लागतेय." रॉकेलच्या फडक्याने पुसलं. झाकणावर अक्षरं उमटली. मी चष्म्यावर भिंग धरून वाचलं, आणि मला ओरडायलाच झालं. तपासणीचंच सॉकेट! झाकणाच्या आत भोकांचा नकाशा, प्रत्येकाला बारीक अक्षरांत नाव.

शेजारून गॅरेजवाला कामावर जात होता. मी त्याला हाक मारून बोलावलं. तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मग वन्संना म्हणाला, "मावशी, माझ्याकडे अशा दोन गाड्या आल्या होत्या. दोन्ही मी परत पाठवल्या." स्वतःहून सांगितलं त्याने, हे मला आवडलं.

आता आकडे घ्यायचे. आधी वाचायचं, मग जोडायचं. नावं दोनदा वाचली. तार बांधणीचीच, वाकवून इंग्रजी यूसारखी केली. चावी दुसऱ्या खाचेपर्यंत, इंजिन सुरू करायचं नाही. मी आत बसले, वन्सं बॉनेटपाशी उभ्या.

"बोल काय दिसतं ते. आकडा सांगू नकोस. जसं दिसेल तसं बोल."

"लागला. विझला. लागला. विझला. थांबला. लागला, विझला, लागला, विझला. आता बराच वेळ थांबला. परत तेच."

"दोन आणि दोन. बावीस. आणखी एकदा बघ, आपल्या मनासारखं मोजू नकोस."

सहा वेळा बघितलं. दोन-दोन. आठ महिने मी ह्या गाडीकडे बघत नव्हते, आणि तिच्या मनात बावीस नंबरचं दुखणं होतं.

बावीस म्हणजे काय, हे मात्र वन्संना माहीत नाही. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे.

१४ सप्टेंबर, शनिवार

वन्संच्या शेजारणीचा फोन आला होता. मीच घेतला. "ताई कधी येणार? इकडे सगळे खोळंबलेत. जिन्यातल्या दिव्याची वायर आहे, आमची इस्त्री आहे. आणि शनिवारचा त्यांचा क्लास पण बंद." किती चांगली बाई! म्हाताऱ्या माणसाला आपली गरज आहे असं वाटावं म्हणून एवढं जुळवून बोलते. वन्संना सांगितलं तर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या आणि विषय बदलला. समजलं असणार त्यांना.

१७ सप्टेंबर, मंगळवार

चार दिवस बावीसचा अर्थ शोधतेय. गॅरेजवाल्याने दोघांना विचारलं, कुणाला ठाऊक नाही. आज सकाळी चहा पिताना वन्सं म्हणाल्या, "तांत्रिक शाळेच्या लायब्ररीत गाड्यांची पुस्तकं असतील. तुम्ही तिथली बांधलीत ना?" बांधलीत तर! पण जायचं म्हणजे शहराच्या त्या टोकाला, गाडी बंद पडत पडत. आणि ह्यांना ओळखणाऱ्या माणसांसमोर. म्हटलं, तुम्हाला एकटं ठेवून कशी जाऊ? "खुर्चीत बसते. हलणारसुद्धा नाही."

गेले. वाटेत तीनदा बंद पडली, तीनदा दहा मोजले. ग्रंथपाल उठून उभे राहिले. ह्यांच्याबद्दल एक वाक्य बोलले, चांगलं होतं, इथे लिहीत नाही. मग मला कपाटांत सोडलं. आमच्या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक तिसऱ्या फळीवर होतं. निळी कापडी पाठ, कोपरे चामड्याचे. माझ्याच हातची शिलाई. अकरा वर्षांपूर्वी ह्या पुस्तकाच्या एकूण एक जुड्या मी उलगडून शिवल्या असणार, आणि एक ओळ वाचली नव्हती. पान ३१२. बावीस: इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर. सॉकेट कुठे आहे त्याचं चित्रही होतं, अगदी वन्संचं बोट थांबलं तिथेच.

सगळं वहीत उतरवून घेतलं. निघताना ग्रंथपाल म्हणाले, साठ पुस्तकं काढून ठेवलीत. मी बघू म्हटलं.

घरी आले तर केर काढलेला, कुकर झालेला, ओट्यावर भाजी चिरून तयार. वन्सं सोडून गेले तशाच खुर्चीत. विचारलं तर म्हणाल्या, शेजारच्या बाई येऊन करून गेल्या. लगेच आभार मानायला गेले. पण त्या इतक्या भिडस्त, शेवटपर्यंत कबूलच होईनात! अशी माणसं राहिली नाहीत हल्ली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गॅरेजवाल्याने नवा सेन्सर मागवायची तयारी दाखवली, पण इतक्या जुन्या गाडीचा यायला महिना लागेल. तीस तारीख हुकणार. मी खचले. वन्सं खचल्या नाहीत.

"अगं, सेन्सर मेला असं दिवा म्हणतच नाही. तिकडून बातमी येत नाही, एवढंच म्हणतो. पत्र आलं नाही म्हणजे माणूस गेलं असं असतं का? टपालवाल्याला आधी विचार."

टपालवाला म्हणजे तार. त्यांच्या मते, पाणी गरम झाल्याची बातमी पोचत नसल्यामुळे इंजिनाचा कारभार बघणाऱ्या पेटीला वाटतंय बाहेर बर्फ पडलं आहे. म्हणून ती इंजिनावर पेट्रोल ओतते आहे. म्हणून तो वास, म्हणून बंद पडणं. पंधरा दिवस मी घाबरून जे जे सोसलं ते सगळं त्यांनी एका वाक्यात एका दोऱ्यात ओवलं. पहिल्या दिवशी चौकात काचेबाहेर नाक काढलं तेव्हाच त्यांच्या मनात हे सुरू झालं असेल का? विचारलं. "नाही गं. तेव्हा फक्त तू रडायची थांबावीस एवढंच मनात होतं."

२० सप्टेंबर, शुक्रवार

तार सापडली. आज सावकाश लिहिते.

सेन्सरपासून निघून वन्संचं बोट तारेवरून चाललं होतं. वीतभर गेल्यावर थांबलं. "इथे कुणीतरी जोड दिलाय. वर गुंडाळलेलं आहे, पण ही इलेक्ट्रिशियनची टेप नाही. कापड आहे. बघ."

बघितलं. बांधणीची काळी कापडी पट्टी, पुस्तकाच्या पाठीला आम्ही लावतो ती. शेवटचं टोक तिरकं कापून आत दुमडलेलं. असं टोक ह्यांच्याशिवाय कुणी दुमडत नसे. तीस वर्षं मी त्यांना सांगत होते, एवढं कोण बघतंय?

मी दोन्ही हातांनी बॉनेटची कड धरली. वन्सं थांबल्या. मग त्यांनी पुन्हा त्या पट्टीवरून बोट फिरवलं, टोकापर्यंत गेलं, आणि त्यांनाही कळलं. "गाढव," त्या म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं होतं, नुसता पीळ देऊन जोडू नकोस, शिशाचा डाग लाव. ओल लागली की गंजतं." मग म्हणाल्या, "पण किती व्यवस्थित गुंडाळलंय बघ."

दोघी बॉनेटखाली डोकं घालून बराच वेळ रडलो. रस्त्यावरच्या एका माणसाने विचारलं, काही मोठा बिघाड आहे का?

पट्टी मला सोडवेना. वन्संनी घाई केली नाही. शेवटी मीच कातरीने कापली. आत तांब्यावर हिरवी भुकटी, पीळ नुसता नावाला टिकलेला.

२३ सप्टेंबर, सोमवार

डाग मी लावला! गॅरेजवाल्याने सोल्डरिंग आयर्न आणून दिलं आणि हात बांधून बघत उभा राहिला. वन्संनी तारेची टोकं सोलली, एकमेकांत गुंफली, आणि बाजूला झाल्या. "चटका कुठे बसेल ते मला दिसत नाही. तूच लाव. आधी तार तापू दे, मग शिसं. शिसं आयर्नला लावायचं नाही, तारेला लावायचं." पहिला डाग गोळा होऊन बसला. त्यांनी गार झाल्यावर बोट लावलं. "हा नुसता बसलाय, मुरला नाही. काढ." दुसरा काढायला लावला. तिसऱ्यावरून बोट फिरवलं आणि हात पुसायला फडकं मागितलं. गॅरेजवाला म्हणाला, "मावशी, तिसरा मी लावला असता तर मला खूप आवडला असता."

बॅटरीचं एक टोक काढून थोडा वेळ थांबलो, म्हणजे पेटी जुना आकडा विसरते. गाडी बाहेर काढून अर्धा तास फिरवली, चौकातून पण. बंद पडली नाही. मग घरी येऊन पुन्हा सॉकेटमध्ये तार.

"बोल," वन्सं म्हणाल्या.

"लागतो, विझतो, लागतो, विझतो, लागतो, विझतो..."

"मध्ये थांबतो का?"

"नाही."

"नीट बघ. घाई करू नकोस."

"नाही थांबत, वन्सं. सारखा मिचकतोय. एका तालात."

पुस्तकात लिहिलं होतं: न थांबता मिचकला तर दोष नाही. मी ते त्यांना वाचून दाखवायची गरज नव्हती. त्या बॉनेटवर हात ठेवून हसत होत्या, आणि मी दिव्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होते. ज्या माणसाला तो दिवा दिसतसुद्धा नाही त्याने तो बोलता केला. मी उभ्या आयुष्यात इतकं हुशार माणूस पाहिलेलं नाही, आणि हे लिहायला मला ह्या वयात लाज वाटत नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

पास! धूर कमी, दिवे ठीक, पिवळा दिवा विझलेला. तपासनिसाने त्याचं यंत्र घेऊन डॅशबोर्डखाली वाकायला सुरुवात केली तेव्हा मी म्हटलं, "तिथे नाही. या, दाखवते." बॉनेट उघडून झाकण उघडलं, तार लावली, दिवा दाखवला. त्याने आणखी दोघांना बोलावलं. एकाने विचारलं, "बाई, तुम्ही ह्या लाइनमधल्या का?" मी म्हटलं, नाही, मी बुकबाइंडर. बुकबाइंडर आहे, असंच म्हटलं, होते असं नाही. वन्संनी माझा दंड दाबला. पाय दुखत असतील, बराच वेळ उभ्या होत्या.

२९ सप्टेंबर, रविवार

वन्संना सोडून आले. मी राहा म्हणत होते. "महिना झाला. आता मला घरी जाऊ दे." गॅरेजवाला भेटायला आला होता. त्याने परत पाठवलेल्या दोन गाड्यांपैकी एक पुन्हा बोलावली आहे, फोनवर विचारीन म्हणाला.

नव्वद किलोमीटर मी चालवली. त्यांच्या घरी मी पाचेक वर्षांनी गेले. जिना त्या माझ्याआधी चढल्या. कुलूप पहिल्या झटक्यात उघडलं, खिडक्या उघडल्या, चहा टाकला, साखर मोजून घातली, कप माझ्या हातात आणून दिला. माझ्याकडे ह्या बाईला पेला दिसत नव्हता! चहा होईपर्यंत दारात तिघं उभे, एकाच्या हातात इस्त्री, एकाच्या टेबल-फॅन, आणि एक मुलगी शनिवारचा क्लास कधी सुरू होणार विचारायला. आपल्या घरी आल्यावर माणसाला केवढा हुरूप येतो! माझ्याकडे नवी जागा, म्हणून अडखळत असणार. त्यांची आणखी नीट सोय करायला हवी होती मी.

येताना गाडीत एकटी होते. एवढ्या लांब पहिल्यांदाच. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर याद्यांची वही ठेवली. उजेड होता तोवर पोचले.

१ ऑक्टोबर, मंगळवार

तांत्रिक शाळेची साठ आणि मुख्याध्यापिकांची चाळीस पुस्तकं आणली. टेबल पुसून काढलं, दोरा मेणातून काढला. दोन नकाशांची पुस्तकं फार वाईट अवस्थेत आहेत, त्यांना आठवडा लागेल.

संध्याकाळी वन्संचा फोन. "काय करतेयस?" म्हटलं, शिवतेय, हातात सुई आहे, सरस वाळतोय. मी तुम्हाला उद्या करते फोन, आत्ता ठेवू? आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत ठेवलासुद्धा.

मग मनाला लागलं. एकट्या माणसाशी असं तोडून बोलायला नको होतं. सरस लावून झाल्यावर परत फोन केला आणि माफी मागितली. वन्सं इतक्या मोठ्याने हसत होत्या की बराच वेळ बोलणंच होईना. कशाला हसताय विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं. जा, शिव तू."